पूर आणि पुरावा

२००५ सालच्या ऑगस्टच्या सुरुवातीला कृष्णेचे पाणी आमच्या वस्तीत आले तेव्हा मी नुकताच बारावीत गेलो होतो. आमचे गाव सांगली जिल्ह्यातले, नदीकाठचे. गाव टेकाडावर आहे, देऊळ त्याहून वर, आणि वस्ती ओढ्याच्या अंगाला, खालच्या बाजूला. नदी फुगली की ओढ्याचे पाणी नदीत जायचे थांबते, ते उलटे फिरते आणि गावातल्या वाड्यांच्या पायरीला पाणी लागण्याच्या आदल्या दिवशीच आमच्या चुली विझलेल्या असतात. वस्ती नेमकी तिथे का आहे हे ह्या पानांच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

त्या रात्री घरातून काय काय बाहेर काढले ते मला अजून पाठ आहे. शेळी आणि तिची दोन करडे, पाठंगुळीला आज्जी, जोंधळ्याचे अर्धे पोते, बाबासाहेबांची तसबीर, भांड्यांचे एक बोचके. खाटेखालची पत्र्याची पेटी राहिली. आईने दोनदा आठवण केली. अण्णा म्हणाले, "आगं, लोखंडाची पेटी हाय, कुलूप लावलंय. तिला काय हुतंय?" अण्णांना आयुष्यभर भीती होती ती चोराची. पाण्याला कुलूप कळत नाही हे आम्हाला पाणी ओसरल्यावर, नवव्या दिवशी समजले.

पेटीत वीतभर गाळ होता आणि कागदांचा थापलेल्या भाकरीसारखा एकच गठ्ठा झाला होता. त्यात अण्णांची दहावीची गुणपत्रिका होती, शिधापत्रिका होती, घरपट्टीच्या पावत्या होत्या आणि आज्ज्याच्या शाळेचा निर्गम उतारा होता. आज्जा १९४० नंतर दोन वर्षे गावच्या शाळेत गेला, म्हणजे शाळेच्या ओसरीच्या कडेला बसला. पण हजेरीला का होईना, त्याचे नाव, बापाचे नाव, जात आणि जन्मतारीख शाळेच्या नोंदवहीत चढली. त्या नोंदीची नक्कल अण्णांनी १९८६ साली काढून आणली होती. ती शाईपेनाने लिहिलेली होती. शाई फुटून कागदभर निळा ढग पसरला होता आणि गोल शिक्क्याचे फक्त जांभळे वर्तुळ उरले होते. अण्णांनी ते ओले कागद नखाने सोलले आणि कौलांवर कडक उन्हात वाळत घातले. जे पाण्याने राखले होते तेही त्यात गेले.

पुढच्या वर्षी मला एका व्यावसायिक अभ्यासक्रमाला राखीव जागेवर प्रवेश मिळत होता. जात वैधता प्रमाणपत्र मुदतीत सादर करणे ही अट होती. नवा उतारा मागायला शाळेत गेलो तर जुन्या नोंदवह्या कपाटाच्या सर्वांत खालच्या फळीवर होत्या. त्याही भिजल्या होत्या, आणि ते पान उघडत नव्हते. मुख्याध्यापकांनी तसे पत्र दिले. कचेरीतल्या कारकुनाने पत्र वाचून परत केले. म्हणाला, "नोंदवही भिजली ह्याचा हा पुरावा झाला. तुमच्या जातीचा पुरावा कुठाय?" मुदत संपली, जागा गेली. मी बी.ए.ला नाव घातले आणि आज इतिहास शिकवतो.

ही हकिकत सहानुभूतीसाठी सांगत नाही. पूर, भूकंप, आग ह्यांत घर जाते, गुरे जातात, माणसे जातात. त्यापुढे कागदाचे दुःख क्षुल्लक वाटते. पण आपल्या समाजाच्या बाबतीत कागद गेला की पुढच्या पिढीची वाट अडते. तेव्हा हा विषय नीट समजून घेतला पाहिजे, आणि पाऊस लागण्याआधी घेतला पाहिजे.

०

आपल्या मुलखात एक जुनी रीत होती. दोन गावांत शिवेचा तंटा लागला तर महाराची साक्ष वजनदार मानीत. शीव कुठून जाते हे त्याला ठाऊक असे, आणि तो चालेल ती वाट शीव म्हणून धरीत. सरकारी साऱ्याची रक्कम तालुक्याच्या खजिन्यापर्यंत पोचवण्याचे कामही त्याच्याकडे असे. अख्ख्या गावाची जमीन ज्याच्या तोंडच्या शब्दावर ठरत होती, त्याच्या नातवाला स्वतः कोण हे सांगायला आज कागद लागतो.

हे केवळ भाषेचे अलंकरण नव्हे, कायद्याची तशी तरतूद आहे. जातीचे प्रमाणपत्र देणे आणि त्याची पडताळणी करणे ह्यासंबंधीचा महाराष्ट्राचा अधिनियम २००० सालचा आहे. तो १८ ऑक्टोबर २००१ पासून अमलात आला. त्याच्या आठव्या कलमानुसार आपण अमुक जातीचे आहोत हे सिद्ध करण्याची जबाबदारी दावा करणाऱ्यावर असते. अनुसूचित जातींच्या बाबतीत १० ऑगस्ट १९५० ही तारीख महत्त्वाची. राष्ट्रपतींचा आदेश त्या दिवशीचा आहे, म्हणून त्या तारखेआधीपासून आपले कुटुंब महाराष्ट्रात राहत होते आणि त्या जातीचे होते हे दाखवणारी नोंद सर्वांत वजनदार ठरते. विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी ही तारीख २१ नोव्हेंबर १९६१ अशी धरली जाते.

ह्या कायद्यावर मी उठसूट टीका करणार नाही. तो का आला हे आपल्याला ठाऊक आहे. खोटे दाखले काढून राखीव जागा बळकावणाऱ्यांची संख्या वाढली, सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली पडताळणीची रीत घालून दिली आणि त्यातून हा कायदा झाला. तो आपल्या हक्काच्या रक्षणासाठीच आहे. मात्र त्याने घातलेले ओझे सर्वांच्या पाठीवर सारखे बसत नाही. ज्याच्या आज्ज्या-पणज्याने वाड्यात राहून दप्तरे सांभाळली त्याला पन्नास सालाआधीचा कागद मिळणे सोपे. ज्याच्या आज्ज्याला शाळेच्या ओसरीवर बसवले, ज्याच्या आज्जीला शाळा माहीत नाही, ज्याची वस्ती पाण्याच्या तोंडी आणि ज्याचे घर कुडाचे, त्याच्याकडूनच सर्वांत जुना आणि सर्वांत कोरडा कागद मागितला जातो. एका व्यवस्थेने आपल्याला सखल जागी बसवले, आणि दुसरी व्यवस्था त्या सखल जागेतून पुरावा मागते. ह्या दोहोंच्या मधला दुवा म्हणजे पुराचे पाणी.

०

साताऱ्याच्या ज्या सरकारी शाळेला आज प्रतापसिंह हायस्कूल म्हणतात, तिच्या नोंदवहीत ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा रामजी आंबेडकर ह्या मुलाच्या प्रवेशाची नोंद आहे. नोंद क्रमांक १९१४. शाळेने ती नोंदवही जतन केली. २०१७ पासून ७ नोव्हेंबर हा दिवस महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. आपण त्या पानाचे छायाचित्र आदराने पाहतो. पण पुष्कळांच्या लक्षात येत नाही की तशीच नोंदवही आपापल्या गावच्या शाळेत आहे आणि तिच्या एखाद्या ओळीत आपला आज्जा बसलेला आहे. त्या ओळीची नक्कल म्हणजेच निर्गम उतारा.

बाबासाहेबांनाही हे दुःख भोगावे लागले होते. १९१७ साली ते शिक्षण अर्धवट ठेवून इंग्लंडहून परतत असताना त्यांचे सामान ज्या बोटीवर होते ती महायुद्धात बुडाली आणि जमवलेली पुस्तके समुद्राच्या तळाला गेली. ज्या माणसाने हयातभर पुस्तक आणि कागद सांभाळला, त्याच्या अनुयायांच्या घरात कागद खाटेखाली गाळात जावा ह्याचा आपण विचार केला पाहिजे.

येथे एका अवघड गोष्टीला हात घालतो. १९५६ साली आपल्या वाडवडिलांनी जुनी जात टाकली. अनेक घरांत त्या भरात जुने कागदही टाकले गेले. ज्या कागदावर ते नाव लिहिले आहे तो घरात कशाला ठेवायचा, अशी ती भावना होती आणि ती खरी होती. पण बौद्धांना अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलती मिळाल्या १९९० साली आणि आजही पडताळणीत मूळ जातीची जुनी नोंद पाहिली जाते. म्हणजे जे नाव आपण मनातून काढून टाकले तेच नाव ज्या कागदावर आहे तो कागद जपून ठेवावा लागतो. माझ्या एका विद्यार्थिनीने मला विचारले, "सर, जो शब्द घरात उच्चारत नाही तो पिशवीत घालून का जपायचा?" तिला मी एवढेच सांगितले की आपल्या पणज्यावर काय लादले गेले होते त्याचा तो सरकारी कबुलीजबाब आहे. तो जपणे म्हणजे ती ओळख मान्य करणे नव्हे.

०

जातीच्या कागदाइतकेच जमिनीचे कागद मोलाचे असतात, आणि त्यांच्याकडे आपले दुर्लक्ष अधिक आहे. कनिष्ठ ग्रामवतने नष्ट करण्याचा कायदा १९५८ सालचा. तो १ ऑगस्ट १९५९ पासून अमलात आला. वतनाच्या जमिनी सरकारजमा झाल्या आणि ठरलेली रक्कम भरणाऱ्याला त्या पुन्हा मिळाल्या. ही रक्कम भरल्याचे चलन आणि त्यानंतरचा फेरफार ज्यांच्या घरी आहे त्यांना आज कोणी हुसकावू पाहिले तर उभे राहता येते. नियमाप्रमाणे परवानगी न घेता अशा जमिनी विकता येत नाहीत; तरी कितीतरी गावांत त्या दुसऱ्यांच्या ताब्यात आहेत आणि मूळ मालकाकडे सांगायला फक्त आठवण आहे.

गायरानाची गोष्ट तर ह्याहून नाजूक आहे. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ साली आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. मराठवाड्यात आपल्या माणसांनी दगडगोटे वेचून गायराने पिकाखाली आणली. १४ एप्रिल १९९० पर्यंतची अशी अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय १९९१ साली निघाला. पण १९९० आधी आपण ती जमीन कसत होतो हे दाखवायचे कशाने? अतिक्रमणाबद्दल तलाठ्याने केलेल्या दंडाच्या पावतीने, पीकपाण्याच्या नोंदीने, गाव नमुना १-ई मधल्या नावाने. दंडाची पावती कोणी जपून ठेवते काय? ज्या बाईने लाजेने ती पावती चुलीत घातली तिने जमिनीचा दाखलाच जाळला होता, हे तिला कोणी सांगितले नव्हते. शिक्षा म्हणून मिळालेला कागद पुढे हक्काचा कागद होतो. म्हणून नोटीस असो, दंड असो, खटल्याची तारीख असो, सरकारी शिक्क्याचा कोणताही कागद फेकू नये.

बायकांच्या कागदांची तऱ्हा निराळीच असते. जात बापाकडून धरली जात असल्यामुळे लग्न झालेल्या बाईचा पुरावा माहेरी असतो. शाळेत एक नाव, लग्नानंतर दुसरे. पूर माहेरच्या गावी येतो आणि प्रवेश किंवा नोकरी अडते ती सासरी राहणाऱ्या मुलीची. मुलगी सासरी निघताना तिच्या पेटीत भांडी-लुगडी भरतो. तिच्या शाळेचा दाखला, वडिलांचा आणि आज्ज्याचा निर्गम उतारा, नाव बदलल्याचा कागद ह्यांच्या नकला त्या पेटीत सर्वांत वर ठेवाव्यात.

आणि ज्यांना घरच नाही त्यांचे काय? पालावर राहणाऱ्या भटक्या-विमुक्तांची बाडबिस्तऱ्यातली कागदांची पिशवी एका वादळात जाते. त्यांच्यासाठी मुलाचे शाळेतले नाव हाच पुढच्या पिढीचा पहिला पुरावा आहे. शिक्षकांनी ती नोंद करताना नाव, जात, जन्मस्थळ स्वच्छ आणि पूर्ण लिहावे. आपल्या आळसाने राहिलेला रकाना चाळीस वर्षांनी कोणाचा तरी गळा आवळतो.

०

आता प्रत्यक्ष काय करावे ते सांगतो. ह्यात पैशांचे काम थोडे आहे, शिस्तीचे अधिक.

पहिले काम वहीचे. घरातला प्रत्येक महत्त्वाचा कागद समोर घ्यावा आणि एका वहीत ओळीने उतरून काढावा : कागद कसला, कोणाच्या नावाचा, कोणत्या कचेरीने दिला, जावक क्रमांक किंवा नोंदणी क्रमांक, तारीख. शाळेच्या उताऱ्यासाठी नोंदवहीचा क्रमांकही लिहावा. मूळ कागद गेला तरी क्रमांक आणि तारीख हाती असेल तर कचेरीत दुसरी प्रत शोधता येते. नुसते "माझ्या आज्ज्याचे नाव शोधा" म्हटले तर कारकून दप्तराकडे बोट दाखवतो. ही वही उतरवायला आठवी-नववीतले मूल पुरेसे आहे, आणि त्या निमित्ताने त्याला आपल्या घराचा इतिहासही कळतो.

दुसरे काम जागेचे. पत्र्याची पेटी पाणी अडवत नाही. उलट आत शिरलेले पाणी धरून ठेवते, गंजते आणि तो गंज कागदाला लागतो. मूळ कागद घडी न घालता पारदर्शक पाकिटात, ते पाकीट तोंड घट्ट बंद होणाऱ्या जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत आणि पिशवी झाकण फिरवून बंद होणाऱ्या डब्यात ठेवावी. डबा खाटेखाली न ठेवता माळ्यावर किंवा आढ्याजवळ ठेवावा आणि घरातल्या प्रत्येकाला तो माहीत असावा. आमच्या घरी पेटीची किल्ली अण्णांच्या कडदोऱ्याला असे आणि तीत काय आहे हे त्यांच्याशिवाय कोणाला ठाऊक नव्हते. पाण्याच्या रात्री कागद कोणी उचलायचे हे आधी ठरलेले असावे.

पुष्कळ लोक प्रेमाने मूळ कागदाला लॅमिनेशन करून घेतात. ते करू नये. एकदा गरम करून चिकटवलेले प्लॅस्टिक कागद न फाडता निघत नाही, त्यावर पुन्हा शिक्का-सही घेता येत नाही, आणि कडेने पाणी शिरले तर कागद आतच सडतो.

तिसरे काम नकलांचे. शाईपेनाची शाई आणि शिक्क्याची शाई पाण्यात विरघळते. झेरॉक्सची काळी भुकटी कागदावर वितळून बसलेली असते, ती सहसा विरघळत नाही. म्हणून जुन्या शाईच्या उताऱ्याची झेरॉक्स ताबडतोब काढावी. यंत्रातून निघणाऱ्या गुळगुळीत कागदाच्या पावत्या तर पूर न येताही दोन-चार वर्षांत कोऱ्या होतात. त्यांचीही झेरॉक्स काढावी. आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे ह्या नकलांचा एक संच दुसऱ्या गावी ठेवावा. दुसरी नकल शेजारच्या घरात ठेवण्यात अर्थ नाही, कारण शेजारीही त्याच पाण्यात असतो. एकाच पुरात बुडणार नाहीत अशी दोन घरे निवडावीत.

हे मला कसे कळले तेही सांगतो. माझी जागा गेल्यावर दोन महिन्यांनी, दिवाळीच्या साफसफाईत, पिंपरीला कारखान्यात असलेल्या माझ्या चुलत्यांच्या माळ्यावर एक फाइल सापडली. १९८६ साली अण्णांनी आज्ज्याच्या उताऱ्याच्या दोन प्रती काढल्या होत्या. एक नानांना नोकरीसाठी दिली होती. वीस वर्षांत दोघेही भाऊ ते विसरून गेले होते. कोरडा, स्वच्छ, शिक्क्याचा कागद. पुढे मला आणि माझ्या दोन्ही बहिणींना त्याच्यावरच वैधता मिळाली. आपल्याकडे आधी वही असती तर तो कागद दोन महिने आधी सापडला असता. आणि तहसील कचेरीतल्या कोतवाल बुकात अण्णांच्या आत्याच्या जन्माची जातीसह नोंद आहे हे तर आम्हाला त्यानंतर चार वर्षांनी कळले. म्हणून एका कागदावर विसंबू नये. शाळेची नोंदवही, कोतवाल बुक किंवा गाव नमुना १४ मधल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी, जुने फेरफार ह्या तिन्ही वाटा शांततेच्या काळात धुंडाळून प्रमाणित नकला काढून ठेवाव्यात. आणि घरात किंवा बापाकडच्या रक्तनात्यात कोणाला वैधता मिळाली असेल तर त्या प्रमाणपत्राची नकल सर्व भावंडांकडे असावी; तो आता मोठा पुरावा मानला जातो.

मोबाइल आणि डिजिलॉकर ह्यांविषयी दोन शब्द. डिजिलॉकर २०१५ पासून आहे. त्यात सरकारी खात्याने स्वतः पाठवलेला कागद आणि आपण छायाचित्र काढून चढवलेला कागद असे दोन प्रकार असतात. पहिल्याला कायद्याने मूळ कागदाइतकीच मान्यता आहे. दुसरा म्हणजे केवळ छायाचित्र. आज्ज्याचा १९४० सालचा उतारा दुसऱ्या प्रकारात मोडतो. तरी ते छायाचित्र जरूर काढावे, कारण त्यावरून क्रमांक वाचता येतो. मात्र ते एकाच मोबाइलमध्ये राहू नये, मोबाइलही बुडतो. दोन नातेवाइकांकडे पाठवावे.

एक सावधगिरी. आधार कार्ड आणि बँकेच्या पासबुकाच्या नकला वाटेल त्याच्या हाती देऊ नयेत. आपल्या वस्त्यांतून कर्जाचे दलाल हिंडतात आणि दुसऱ्याच्या नावावर कर्ज उचलल्याच्या घटना घडतात. नकल देताना तिच्यावर आडवी तारीख आणि कारण लिहावे, म्हणजे ती दुसरीकडे वापरणे अवघड होते.

०

इतके करूनही कागद भिजला तर?

सर्वांत आधी अक्षर दिसत असेपर्यंत त्याचे छायाचित्र घ्यावे. ओल्या कागदाला बुरशी साधारण दोन दिवसांत धरू लागते, म्हणून वेळ थोडा असतो. पण घाईही घातक. चिकटलेले कागद ओढून सोडवू नयेत. कडक ऊन, चूल, इस्त्री ह्यांपासून दूर ठेवावेत. बाजेवर स्वच्छ सुती कापड पसरून सावलीत, वाऱ्याला ठेवावे. खालून वारा लागतो तेवढा बरा. मधे कोरा कागद किंवा कापड घालून ते ओले झाले की बदलावे. वर्तमानपत्र थेट लावू नये, त्याची शाई उतरते. चिखल असेल आणि अक्षर छापील असेल तर स्वच्छ पाण्यात हलकेच बुडवून काढावा. शाईचे अक्षर असेल तर पाणी पुन्हा लावू नये. गठ्ठा मोठा असेल आणि हाताला वेळ नसेल तर तो प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून कोणाच्या तरी फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवावा. तेथे बुरशी वाढत नाही, आणि पुढे सवडीने थोडे थोडे कागद काढून वाळवता येतात. फाटका तुकडाही टाकू नये. त्यावरचा अर्धा क्रमांक उद्या उपयोगी पडेल.

पंचनाम्याला तलाठी येतो तेव्हा आपण भिंती आणि धान्य दाखवतो. गेलेल्या कागदांची यादीही पंचनाम्यात लिहून घ्यावी, आणि पोलीस ठाण्यात कागद गहाळ झाल्याची नोंद करून तिची प्रत घ्यावी. दुय्यम प्रत मागताना ह्या दोन कागदांचा मोठा आधार होतो. ज्यांचे घर गावठाणाबाहेर किंवा गायरानात आहे आणि ज्यांच्या नावाचा आठ-अ नाही, त्यांनी घरपट्टीची पावती आणि विजेचे बिल आधीच हाताशी ठेवावे. पडझडीची मदत नेमकी तेथेच अडते.

०

शेवटचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आतापर्यंतचे सारे उपाय घरापुरते आहेत. पण पुराव्याचे ओझे एकेकट्या घराने वाहायचे, आणि मूळ नोंदवह्या शाळेच्या खालच्या फळीवर भिजू द्यायच्या, हा न्याय नव्हे. सरकारी दप्तर सुरक्षित आहे असेही समजू नये. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला आग लागली आणि वरच्या मजल्यांवरच्या फायली जळाल्या. राज्याच्या सर्वांत मोठ्या कचेरीची ही गत, तर ओढ्याकाठच्या शाळेचे काय? माहितीच्या अधिकाराच्या २००५ सालच्या कायद्याचे चौथे कलम प्रत्येक कार्यालयाला आपले अभिलेख नीट, सूचीसह ठेवायला सांगते. कार्यकर्त्यांनी गावोगाव लेखी विचारावे : १९५० आधीच्या नोंदवह्या कोठे आहेत, कोणत्या मजल्यावर आहेत, त्यांची छायाचित्रित प्रत दुसऱ्या ठिकाणी आहे काय? नसेल तर ती करून घेणे हा मोर्चाचा विषय आहे. आपण दाखल्यांसाठी मोर्चे काढतो. दाखला जिथून निघतो त्या वहीसाठीही काढले पाहिजेत.

आणि आपल्या हातातले काम उद्यावर टाकू नये. मृग निघण्याआधी आपण घर शाकारतो. त्याच आठवड्यात एक रविवार विहारात बसावे. महाविद्यालयातल्या मुलांनी वह्या उतरवाव्यात, शिक्षकांनी कोणाचा कोणता पुरावा कमी आहे ते पाहावे, कार्यकर्त्यांनी कचेरीतली वाट दाखवावी. कागद ज्याचे त्याच्याकडे राहावेत; विहारात फक्त कोणत्या घरी काय आहे आणि काय नाही ह्याची यादी असावी. आमच्या वस्तीत गेली काही वर्षे हे चालू आहे. पहिल्या वर्षी एकूण सात घरे आली होती. बाकीचे म्हणाले, पूर काय रोज येतो?

२०१९ च्या ऑगस्टमध्ये तो आला. सांगलीत इर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फुटांची. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेले. आमचे घर ह्या खेपेला उभे राहिले नाही, भिंती आत कोसळल्या. गाळ उपसताना अण्णांना ती जुनी पेटी सापडली. कुलूप तसेच होते. फोडून पाहिले तर आत चार रिकाम्या बाटल्या आणि आज्जीचा अडकित्ता निघाला. कागद केव्हाच डब्यात जाऊन बसले होते, डबा आमच्याबरोबर निवाऱ्याच्या शाळेत होता आणि दुसरा संच पिंपरीला होता. अण्णा गाळात उभे राहून बराच वेळ त्या पेटीकडे बघत होते. मग म्हणाले, "त्या बाजूच्या घरांनी वही केलीया का रं? इचार जा."

पुढच्या वर्षी विहारात एकतीस घरे आली.